पियानोच्या क्लासबाहेर बसलेले आईबाप

जून महिना लागला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन मेसेज हमखास येतात. एक गळक्या गच्चीचा. दुसरा असा: "पियानोचा चांगला क्लास कुणी सुचवेल का? मुलगा साडेचार वर्षांचा आहे." मग खाली उत्तरं पडत जातात. अमुक मिस फार छान शिकवतात, तमुक क्लासला एसी आहे, स्टेशनजवळच्या क्लासात पहिला तास फुकट. कुणीतरी भीत भीत विचारतं, साडेचार म्हणजे जरा लवकर नाही का होत? त्यावर दुसरं कुणी पाश्चात्त्य संगीतकार मोझार्टचं नाव घेतं आणि चर्चा तिथेच मिटते. घरी त्या मुलाशेजारी वाद्यापाशी रोज कोण बसणार, हा प्रश्न मी त्या ग्रुपवर अजून वाचलेला नाही.

माझ्या मते विचारण्यासारखा प्रश्न तेवढाच आहे. पाच वर्षांच्या मुलाला पियानो शिकवता येतो, नीट शिकवता येतो आणि बऱ्याच मुलांना तो आवडतोही. पण त्यासाठी घरातलं एक मोठं माणूस रोज पंधरा मिनिटं त्याच्या शेजारी बसावं लागतं. जमेल तसं, सवडीनं, रविवारी, असं नाही, रोज. ते होणार नसेल तर क्लास लावू नये. मूल आठ-नऊ वर्षांचं होईपर्यंत खुशाल थांबावं. क्लासवाल्यांना हे पटणार नाही, कारण त्यांच्याकडची बरीच मुलं सात वर्षांच्या आतली असतात. पालकांनाही पटणार नाही, कारण महिन्याची फी वेळेवर भरली, शनिवारी ट्रॅफिकमधून मुलाला नेऊन सोडलं, की आपला पाठिंबा देऊन झाला असं आपण धरून चालतो.

मराठी घरात पियानो हे तसं नवंच प्रकरण. गिरगाव-दादरच्या घरांत पेटी असायची, तबला असायचा, एखाद्या हौशी घरात सतार. पियानो असायचा वांद्र्याच्या ख्रिस्ती कुटुंबांत, दादरच्या पारशी कॉलनीत, दक्षिण मुंबईतल्या मोठ्या दिवाणखान्यांत. धोबीतलावच्या फुर्टाडोजचं दुकान १८६५ पासूनचं, म्हणजे मुंबईला पियानो काही अनोळखी नाही, आपल्याला होता. शिवाय ते धूड आणायचं कुठून आणि ठेवायचं कुठे? उभा पियानोसुद्धा दोनशे किलोच्या आसपास भरतो, चाळीच्या जिन्यातून तो चढवणं म्हणजे अर्ध्या मजल्याची वरात. वर मुंबईचा पावसाळा. लाकूड फुगतं, आतलं नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, अस्तर ओल धरतं, पट्ट्या दाबल्या की दाबलेल्याच राहतात, तारा गंजतात. जुन्या घरांत पावसाळाभर पियानोच्या पोटात एक लहानसा बल्ब जळता ठेवत, ओल मारायला.

डिजिटल पियानोनं हे सगळं सोपं केलं. ६१ पट्ट्यांचा साधा कीबोर्ड दहा-पंधरा हजारांत येतो, आणि बोटाला खऱ्या पियानोसारखं वजन जाणवणारा ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो पन्नास हजारांच्या आसपास सुरू होतो. म्हणजे बऱ्यापैकी मोबाइलच्या किमतीत. ठाणे, मुलुंड, बोरिवली, डोंबिवलीत म्हणूनच गल्लोगल्ली क्लास निघाले. ही चांगलीच गोष्ट झाली, यात मला तिळमात्र शंका नाही. वाईट झालं ते इतकंच की वाद्य घरात आलं आणि ते शिकण्याची रीत मात्र आपण गणिताच्या कोचिंग क्लासकडून उचलली.

आता त्या मोझार्टचं काय ते पाहू, कारण साडेचारची घाई मुख्यतः त्याच्याच नावावर खपते. १९९३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक छोटा प्रयोग छापून आला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना मोझार्टचा एक सोनाटा, म्हणजे वाद्यासाठी लिहिलेली रचना, दहा मिनिटं ऐकवला आणि लगेच आकृत्यांची कोडी घातली. त्यांना थोडे जास्त गुण मिळाले आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. बस्स, एवढंच. त्या प्रयोगात एकही लहान मूल नव्हतं आणि वाद्याला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. पण १९९८ पर्यंत अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची तबकडी देण्याची भाषा करू लागले, आणि आपल्याकडे ती गोष्ट "संगीतानं मेंदू तल्लख होतो" अशी येऊन पोचली. नंतर ग्लेन शेलेनबर्ग यांनी कॅनडात सहा वर्षांच्या १४४ मुलांवर जास्त नीट प्रयोग केला. काहींना कीबोर्ड, काहींना गाणं, काहींना नाटक, काहींना काहीच नाही. वर्षानंतर संगीतवाल्या मुलांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा किंचित जास्त वाढला होता. नाटकवाली मुलं मात्र चारचौघांत वागायला-बोलायला सुधारली होती, हे कुणी सांगत नाही. साला आणि गोबे या अभ्यासकांनी पुढे अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. त्यात काटेकोरपणे केलेले प्रयोग तेवढे धरले तर फरक जवळजवळ उरत नाही.

तेव्हा गणितात चांगले मार्क पडावेत म्हणून पियानो लावत असाल तर थेट गणित घ्या, स्वस्त पडेल. पियानो शिकायचा तो पियानो वाजवता यावा म्हणून. हे कारण आपल्याला पुरेसं का वाटत नाही, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. विहिरीत पोहायला शिकताना कुणी मेंदूची चौकशी करत नसे.

पाच वर्षांच्या मुलाच्या हाताकडे जरा जवळून बघा. पियानोची पांढरी पट्टी साधारण साडेतेवीस मिलिमीटर रुंद असते. पाच पट्ट्या म्हणजे बारा सेंटिमीटरला थोडं कमी. या मुलाची पाच बोटं शेजारशेजारच्या पाच पट्ट्यांवर कशीबशी नीट बसतात. सा ते वरचा सा हे साडेसोळा सेंटिमीटरचं अंतर त्याच्या हाताला झेपत नाही, म्हणून सुरुवातीचे सगळे धडे पाच स्वरांतच फिरतात. खुर्ची जेवणाच्या टेबलाची असली तर कोपर पट्ट्यांच्या खाली जातं आणि मनगट लटकतं. पाय जमिनीला टेकत नाहीत, त्यामुळे सगळा तोल ढुंगणावर, आणि मूल दर मिनिटाला सरकतं. मग आई ओरडते, "नीट बस!" मुलाला नीट बसायचंच आहे, पण पायाखाली काही आहे कुठे? आंघोळीचा प्लॅस्टिकचा स्टूल पायाखाली ठेवला आणि खुर्चीवर दोन चादरी घडी करून टाकल्या की ते गप बसतं.

बोटांचे आकडे हा पुढचा घोळ. पियानोत अंगठा म्हणजे एक आणि करंगळी म्हणजे पाच, दोन्ही हातांना. म्हणजे उजव्या हाताचे आकडे डावीकडून उजवीकडे चढतात आणि डाव्या हाताचे उलटे. शनिवारी मिसनी शिकवलं, वहीत पेन्सिलीनं लिहूनही दिलं. सोमवारी संध्याकाळी मूल एकटं बसतं, डावा हात ठेवतं आणि करंगळीला एक समजून सुरू होतं. सूर वेगळाच लागतो. त्याला तो वेगळा लागलाय हे कळतं, का ते कळत नाही. दोनदा करून बघतं, मग कीबोर्डच्या बटणांकडे वळतं, कारण तिथे कुत्र्याचा आवाजही निघतो. शेजारी कुणी असेल तर "थांब, डाव्या हाताचं एक नंबरचं बोट कुठलं?" एवढंच विचारायचं असतं. दहा सेकंदांचं काम. कुणी नसेल तर सहा दिवस चूक गिरवली जाते आणि पुढच्या शनिवारचा अर्धा तास ती पुसण्यात जातो. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. तीन महिन्यांनी मिस सांगतात, "ही इज नॉट प्रॅक्टिसिंग," आणि घरी येताना रिक्षात मुलाला बोलणी बसतात.

चौथ्या बोटाचं तर दुखणंच वेगळं. अनामिकेचे स्नायुबंध शेजारच्या बोटांशी जोडलेले असतात, त्यामुळे ती एकटी उचलणं मोठ्यांनाही जड जातं. पाच वर्षांच्या मुलाचं ते बोट पट्टीवर टेकताच आत मोडतं. ते गोल ठेवायचं, हे त्याला आठवडाभर रोज कुणीतरी सांगावं लागतं, हळू आवाजात, वैतागल्याशिवाय. शिक्षक हे आठवड्यातून एकदाच सांगू शकतो. उरलेले सहा दिवस घरातल्या माणसाचे आहेत. क्लास कितीही नावाजलेला असो, या हिशेबात फरक पडत नाही.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. जपानचे शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर मात्सुमोतो गावात लहान मुलांना व्हायोलिन शिकवायला घेतलं, तेव्हा त्यांचा सगळा भर याच गोष्टीवर होता. प्रत्येक जपानी मूल जपानी भाषा अस्खलित बोलतं, मग संगीत का नाही, असा त्यांचा साधा सवाल. मूल भाषा कशी शिकतं? दिवसभर ऐकून, आईच्या तोंडाकडे बघून, पुन्हा पुन्हा बोलून, आणि वाचायला मागाहून शिकून. म्हणून त्यांच्या पद्धतीत आधी आई किंवा वडील वाद्य हातात घेतात आणि पहिली धून स्वतः शिकतात. मूल बघत बसतं, आणि थोड्याच दिवसांत ते वाद्य ओढून घ्यायला लागतं. शिकवणीला पालक हजर असतो, टिपणं काढतो, घरी तोच शिक्षक. तीच रेकॉर्ड घरात रोज वाजते. जुनी धून झाली म्हणून सोडून देत नाहीत, रोज वाजवतात. पुढे हीच पद्धत पियानोलाही लावली गेली.

यात जपानी असं काय आहे? आपल्याकडे तिन्हीसांजेला परवचा म्हणायचे. आजी देवाजवळ बसायची, नातवंडं तिच्यापुढे. शुभं करोति, मग पाढे, पावकी-निमकीसारखे अपूर्णांकांचे पाढे, श्लोक. आजी म्हणायची, मुलं मागून म्हणायची. कुणाला त्याचा क्लास नव्हता, परीक्षा नव्हती, आणि पाच वर्षांच्या पोराला अडीचकी तोंडपाठ असायची. त्यात आजीचं शिक्षण चौथीपर्यंत झालं होतं की तेही नव्हतं, यानं काही अडलं नाही. ती रोज बसायची, म्हणून ते चाललं.

या बसण्याचा उपयोग आकडेवारीतही दिसतो. शिक्षणशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम यांच्या देखरेखीखाली अमेरिकेत पोहणारे, गणिती, शिल्पकार अशा अव्वल माणसांच्या बालपणाचा अभ्यास झाला, तो १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मैफली करणारे २१ पियानोवादकही होते. त्यांचे पहिले शिक्षक मोठे नामवंत होते असं निघालं नाही. बहुतेक जण आसपासच राहणारे, मुलांशी प्रेमानं वागणारे, खिशात चॉकलेट असणारे म्हणा हवं तर. पण घरी सरावावर आईवडिलांचं लक्ष होतं. पुढे ब्रिटनमध्ये जेन डेव्हिडसन, मायकेल होव, जॉन स्लोबोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अडीचशेहून जास्त मुलांच्या घरी चौकशी केली. जी मुलं सर्वांत पुढे गेली, त्यांचे पालक सुरुवातीच्या वर्षांत शिक्षकाशी बोलत, शिकवणीकडे आणि सरावाकडे लक्ष देत. ते पालक स्वतः संगीतकार असायलाच हवेत असं नव्हतं. मूल मोठं होत गेलं तसे ते मागे सरले. ज्या मुलांनी वाद्य सोडलं त्यांच्या घरी नेमकं उलटं झालं होतं: लहानपणी कुणी फारसं बघितलं नाही, आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी पालकांचा तगादा सुरू झाला. आता कुणी म्हणेल की वाद्यात रमणारं मूल असलं की पालकही रमतात, कारण आणि परिणाम उलटेही असतील. असतील काही अंशी. पण पाचव्या वर्षी बाहेरच्या खुर्चीवर रील्स बघायचे आणि नववीत "एवढा खर्च केला तुझ्यावर" म्हणायचं, हा नमुना माझ्या ओळखीच्या किती घरांत आहे हे आठवलं की मला त्या अभ्यासावर विश्वास ठेवायला फार जड जात नाही.

"पण आम्हाला पियानोतलं काय कळतं?" हे उत्तर ठरलेलं. मराठी माणसानं तरी ते देऊ नये. ज्याच्या घरात कधी पेटी होती, गणपतीत ज्यानं भजनी मंडळाच्या मागे बसून टाळ कुटलेत, त्याला ही पट्ट्यांची मांडणी पाठ आहे. गवई "काळी दोनमध्ये गातो" म्हणतो, "पांढरी चार लाव" म्हणतो, तेव्हा तो पियानोच्याच पट्ट्या मोजत असतो. मिस ज्याला सी म्हणतात ती आपली पांढरी एक. दोन काळ्या, मग तीन काळ्या, पुन्हा दोन, सगळं तेच. फरक एवढाच की पेटीत डावा हात भाता मारण्यात अडकलेला असतो आणि पियानोत त्यालाही काम असतं.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक आजोबा आहेत. भजनी मंडळात वर्षानुवर्षं पेटी धरलेली. नात पियानोला जायला लागली तेव्हा ते म्हणाले, मला ते पाच रेघांचं लिखाण काही येत नाही, पण ती शिकेल तसा मीही शिकेन. आता संध्याकाळी उजव्या हाताचं आजोबा वाजवतात आणि डाव्या हाताचं नात, मग जागा बदलतात. डाव्या हातात त्यांचीच गडबड जास्त होते, आणि नात त्यांना चौथं बोट गोल ठेवायला सांगते. मिसच्या वहीत आजोबांनी प्रत्येक स्वराखाली सारेगम लिहून ठेवलंय. मिसना ते खटकलं होतं. आता त्याच कधी कधी त्यांना विचारतात म्हणे.

शास्त्रीय संगीतातल्या काही मंडळींचा एक जुना आक्षेप इथे येईल: पियानोचे बारा सूर ठोकून बसवलेले, त्यात श्रुती (सुरांमधल्या बारीक छटा) नाहीत, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) नाही, मुलाचा कान बिघडेल. हाच आक्षेप पेटीवर होता. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली, ती पुढे सुमारे तीन दशकं टिकली. तेवढ्या काळात घराघरातली पेटी काही थांबली नाही आणि महाराष्ट्रात सुरेल गाणारेही संपले नाहीत. मूल पियानो वाजवतं आणि गातंही, एवढं पाहिलं की झालं.

बसायचं म्हणजे काय करायचं, यातही आपण घोळ घालतो. हातात मोबाइल, एक डोळा ऑफिसच्या मेलवर, आणि दर चुकीला "परत, पहिल्यापासून." याला मी बसणं म्हणत नाही, हा पहारा झाला. आणि "पहिल्यापासून" हा शब्द तर घरात बंदच करावा. मूल दर वेळी पहिल्यापासून सुरू करतं म्हणून कुठल्याही मुलाची पहिली ओळ सफाईदार असते आणि शेवटची रडकी. शेवटच्या दोन बारपासून (स्वरलिपीत उभ्या रेघांनी पाडलेल्या भागांपासून) सुरू करा, मग त्याआधीचे दोन जोडा. एका आठवड्यात फरक दिसेल. एक हात तुम्ही घ्या. चुकीचं बोट मुद्दाम लावून "मिस काय म्हणाल्या असत्या?" असं त्यालाच विचारा, तुमची चूक काढताना मुलाच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो तो कुठल्याही सर्टिफिकेटवर दिसत नाही. रडायला लागलं तर दहाव्या मिनिटाला उठा. आणि कृपा करून रोज व्हिडिओ काढून काकूंना, मावशीला, दुबईच्या मामाला पाठवू नका. कॅमेरा दिसला की मूल शिकायचं थांबतं आणि सादरीकरण सुरू करतं.

सादरीकरणावरून आठवलं, ग्रेड. ट्रिनिटी कॉलेज लंडन आणि एबीआरएसएम या दोन ब्रिटिश मंडळांच्या परीक्षा मुंबईत इतक्या रुजल्यात की "तुमची कितव्या ग्रेडला?" हा प्रश्न आता "कितवीला?" याच सुरात विचारतात. परीक्षेला माझा विरोध नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा देत आपल्या दोन-तीन पिढ्या गायला शिकल्या, परीक्षेचं वेड काही साहेबाकडून आलेलं नाही. शिवाय या परीक्षा मुळात बऱ्या आखलेल्या आहेत. एबीआरएसएमच्या नेहमीच्या प्रात्यक्षिकात १५० पैकी ९० गुण तीन रचनांचे, बाकीचे ६० सरगमी, अनोळखी स्वरलिपी बघताच वाजवणं आणि कानाची परीक्षा यांचे. उत्तीर्ण व्हायला १०० लागतात. होतं असं की तीन रचनांची घोकंपट्टी वर्षभर चालते आणि बाकीचं शेवटच्या महिन्यात उरकतात. अशी मुलं मी पाहिली आहेत की तिसऱ्या ग्रेडचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे, आणि कुणाच्या वाढदिवसाला साधी गाण्याची ओळ वाजवायला सांगितली तर ती आईकडे बघतात. ग्रेडला वयाची अट नाही. सहाव्या वर्षी पहिली ग्रेड झाली काय आणि दहाव्या वर्षी झाली काय, त्या मंडळाला फरक पडत नाही. पडतो तो आपल्या ग्रुपवरच्या डीपीला.

खरा अवघड आक्षेप वेळेचा. अंबरनाथहून निघून वांद्र्याच्या बीकेसीत काम करणारे आईबाप रात्री आठ-साडेआठला घरी पोचतात, मूल साडेनवाला झोपतं, मधल्या तासात जेवण, डबा, गृहपाठ. पंधरा मिनिटं कुठून आणायची? काही घरांत सकाळी शाळेच्या बसआधी निघतात, काही घरांत आजी-आजोबा आहेत. काही घरांत कितीही ओढाताण केली तरी निघत नाहीत. त्या पालकांनी अपराधी वाटून घेऊ नये, आणि क्लासही लावू नये. थांबल्यानं फार काही बुडत नाही. कुठलाही सूर नुसता ऐकून ओळखण्याची क्षमता, म्हणजे परफेक्ट पिच, सहा-सात वर्षांच्या आत सुरुवात केलेल्यांत जास्त आढळते हे खरं. पण तिच्यावाचून जगात उत्तम वादक झालेत, आणि आपल्या संगीतात तर सा हा गाणाऱ्याच्या गळ्यावर ठरतो. सूर एकमेकांपासून किती दूर हे कळलं की भागतं. आठ वर्षांचं मूल वाचतं, त्याचा हात मोठा झालेला असतो, ते एकटं बसून आपली चूक शोधू शकतं. पाचव्या वर्षी एकट्यानं धडपडत दोन वर्षं काढलेल्या मुलाला ते काही महिन्यांत गाठतं. तोवर घरात गाणी लावा, मुलाबरोबर गा, टाळी देऊन ताल धरा. याला पैसे पडत नाहीत आणि तयारी पियानोचीच होते.

यात एक गोष्ट मात्र दामटून सांगायला हवी. "पालकांनी बसावं" असं कुठेही लिहिलं की प्रत्यक्षात आईच बसते. क्लासच्या व्हरांड्यात कुणीही जाऊन बघावं, दहात आठ बायका. अभ्यास तीच घेते, डबा तीच भरते, त्यात पियानोही तिच्याच वाट्याला आला की तो मुलाच्या डोक्यात गृहपाठाच्या रांगेत जाऊन बसतो, कारण बोलणारा आवाज तोच असतो. माझं म्हणणं, हे काम बाबांनी घ्यावं. त्यांना काहीच येत नसलं तर उत्तमच. मुलाबरोबर शिकणारा बाप पहाऱ्याला बसू शकत नाही. बहुतेक बाबा आज फी भरतात आणि वार्षिक कार्यक्रमात उभं राहून मागच्यांना काही दिसणार नाही अशा बेतानं शूटिंग करतात.

क्लासवाल्यांचाही यात वाटा आहे. अर्ध्या तासाच्या खेपा, काचेच्या खोल्या, बाहेर खुर्च्या. पालक आत आला की वेळापत्रक मोडतं. त्यांची तक्रार अगदीच खोटी नाही. आत बसलेले पालक मुलाऐवजी उत्तरं देतात, मध्येच "घरी तर बरोबर वाजवतो" म्हणतात, शिक्षकाला शिकवतात. त्यावर उपाय पालकाला बाहेर काढणं हा नाही. मागे बसायचं, तोंड बंद, वहीत लिहायचं, शेवटची पाच मिनिटं पालकाला काय करायचं ते सांगायला राखलेली. सातच्या आतल्या मुलांसाठी क्लासनं ही अटच घालावी, आणि प्रवेश घेताना पालकानं ती मागून घ्यावी. "पालक आत चालत नाहीत" म्हणणाऱ्या क्लासात पाच वर्षांचं मूल घालू नये, मग तिथला पियानो कितीही मोठा असो.

आणि ज्यांच्या घरी बसायला कुणीच नाही, वाद्यही नाही, त्यांचं काय? रोज शेजारी बसणारं माणूस ही श्रीमंतीच आहे, हे मान्य करायला हवं. पण ते माणूस घरातलंच असलं पाहिजे असा काही नियम नाही. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मेस्त्री, म्हणजे संगीताचे मास्तर, गावातल्या पोरांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत, आणि तिथून तयार झालेली माणसं पुढे मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदांत बसली. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा ही त्याच परंपरेतली नावं. त्या पोरांच्या बापांनी घरी पियानो घेतले नव्हते. गावात एक जागा होती, एक माणूस होता आणि रोजची वेळ ठरलेली होती.

मुंबईत अशा जागा रिकाम्या पडून आहेत. सोसायटीचं क्लबहाउस महिन्यातून एका मीटिंगला उघडतं. कितीतरी शाळांतला कीबोर्ड गॅदरिंगच्या आधी पंधरा दिवस कपाटातून बाहेर येतो आणि गॅदरिंग झालं की परत आत जातो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला आणि इतर विषय यांच्यात भिंत नको असं लिहिलंय. त्यासाठी नवा विभाग, नवं अनुदान लागेपर्यंत थांबायचं कारण नाही. शाळा सुटल्यावरचा अर्धा तास, तो कीबोर्ड आणि आठवीतला एक वाजवणारा मुलगा पहिलीतल्या दोघांशेजारी बसवला, तर त्या दोघांना घरच्या आजोबांइतकाच उपयोग होईल, आणि आठवीतल्याचा स्वतःचा डावा हातही सुधारेल. मुख्याध्यापकांनी कपाटाची किल्ली कुणाकडे ठेवायची तेवढं ठरवायचं आहे.